ठिपक्यांचं पान

पेशंट कुठं आहे?

"वाटेत."

"वाटेत म्हणजे?"

"निपाणीहून निघालीय. भाऊ गाडीतून आणतोय. मी पुढं आले, तुम्हाला आधी सांगायला."

बेळगावातल्या एका खासगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत अक्षरा उभी होती. अंगात अजून प्रयोगशाळेचा पांढरा कोट. त्यामुळं दारावरच्या शिपायानं तिला इथलीच कुणीतरी समजून आत सोडलं होतं. समोर डॉ. भाग्यलक्ष्मी. मधे एक रिकामी खाट, नुकतीच चादर बदललेली. डॉक्टरांनी खाटेकडं पाहिलं, मग अक्षराकडं.

"माझी आई आहे. मालुबाई. सत्तरीला आलीय. विष पोटात गेलंय, तिला अजून माहीत नाही."

"कसलं विष?"

हा प्रश्न इथं सगळ्यांनाच विचारतात आणि सगळ्यांना उत्तर देता येतं. लोक पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवतात. उंदराचं औषध. फवारणीचं औषध. अक्षरानं तोंड उघडलं आणि तिला कळलं, की या विषाला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

काय खाल्लंय त्यांनी?

"खाल्लं नाही. मिशेरी लावलीय."

डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. इकडच्या निम्म्या म्हाताऱ्या मिशेरी लावतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, बोटावर घेऊन हिरड्यांवर घासत बसायचं. वाईटच सवय. पण तिच्यासाठी कुणी असं पळत येत नाही.

"तंबाखू आमच्या प्रयोगशाळेतली आहे, डॉक्टर. त्या पानात कळलावीचं विष आहे."

"कुणी मिसळलं?"

"कुणीच मिसळलं नाही. पानच ते तयार करतं. आम्ही त्याला शिकवलंय."

"हौदा?" डॉक्टर कन्नडमधूनच म्हणाल्या, खरं की काय अशा सुरात. मग मराठीत, हळू: "बसा. नीट सांगा."

अक्षरा बसली नाही. कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात कळलावी फुलते, लाल-पिवळी. तिच्या कंदात आणि बियांत जे विष असतं, ते थेंबभर दिलं तर सांधेदुखीचं औषध. थोडा बदल केला तर कर्करोगाच्या गाठीवर चालेल अशी आशा. जास्त झालं तर— रानातली कळलावी लोकांनी उपटून संपवत आणलीय. म्हणून तिची जनुकं उचलायची आणि दुसऱ्या झाडात घालायची, जे झाड शेतात कितीही लावता येतं. जगभर यासाठी तंबाखूची एक रानटी, किरकोळ पानांची जात वापरतात. अक्षराच्या डोक्यात आलं, किरकोळ पान कशाला? आपल्याकडं निपाणीचं पान आहे, केळीच्या पानाची आठवण व्हावी असं रुंद. सुई नसलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवायची, दाबायची. जनुकं वाहून नेणारे जिवाणू आत शिरतात, तेवढी जागा ओली, गडद दिसते. थोड्या दिवसांत पान दुसऱ्याच झाडाचं काम करू लागतं.

बी आईनंच आणून दिलं होतं. निपाणीतनं, पदराच्या गाठीला बांधून. "माझ्या तंबाखूचं औषध करनार व्हय तू? कर बाई. मानसं मारली लई तिनं, आता जगवू दे."

यातलं अक्षरानं डॉक्टरांना किती सांगितलं, तिला नंतर आठवलं नाही.

फोन.

"अक्षे, संकेश्वर आलं." यशपाल, तिचा थोरला भाऊ. निपाणीत शाळेवर आहे. परवाच त्यानं नवं घर बांधून पुरं केलं. काल घरभरणीला भंतेजींना बोलावून परित्राण पाठ झाला, जेवणं झाली. एरवी आई बेळगावात अक्षराकडं असते, त्यासाठीच तिकडं गेलती. "मागं पडलीय. दोनदा गाडी थांबवली उलटीला."

"रक्त आहे का त्यात?"

"न्हाय, नुसतं पाणी. अगं, कालचं जेवण बाधलंय. वांग्याची भाजी जरा मसालेदार झालती. तू उगं आभाळ डोक्यावर—"

"अण्णा, काल पंगतीला किती माणसं होती?"

"अख्खी गल्ली होती की."

"आणखी कुणाच्या पोटाला काय झालं?"

फोनमध्ये नुसता टायरांचा आवाज.

"अण्णा?"

"गाडी जोरात घेतो," यशपाल म्हणाला.

किती गेलं असेल पोटात?

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजही नाही." अक्षरा टेबलाला धरून उभी होती. "आधीच्या पानांत फार थोडं तयार व्हायचं. मोजायला यंत्रसुद्धा कुरकुर करायचं इतकं थोडं. कारण तंबाखूचं पान परकं रसायन ओळखतं आणि मोडून टाकतं. या वेळी आम्ही ते मोडण्याचं जनुकच कापून बंद केलं. क्रिस्परनं. म्हणजे आता पान काही मोडत नाही. साठवतं. किती साठवतं, ते मोजायलाच पानं वाळवली होती. धारवाडला पाठवायची होती. अजून पाठवलेली नाहीत."

"पण भाजलंय ना? तव्यावर? भाजल्यावर जाईल ना ते?"

डॉक्टरांनी हे आशेनं विचारलं. अक्षरानं ही आशा सकाळपासून हातात धरून झिजवली होती. पान काळं होतं तिथं विष जळत असेल. पण आई पान जाळत नाही. आई भाजते. मंद आचेवर, हातानं उलटत, वास सुटला की उतरवते. मिशेरी करपू द्यायची नाही, यावर तिचा मान आहे.

"थोडं जाईल," ती म्हणाली.

कुणी दिलं त्यांना हे पान?

मीच नेलं तिला तिथं. हे अक्षरा मनात म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, "ती आमच्या हरितगृहात आलती. बघायला."

आई निपाणीला जायच्या आधी तिनंच तिला नेलं होतं, हौसेनं. आईनं वखारीत आयुष्य काढलं. तंबाखूच्या धुळीत, नाकाला फडकं बांधून, पानं निवडत. अक्षराची फी त्या धुळीतनं आली. त्या आईला आपल्या नावाची पाटी असलेलं दार दाखवायचं होतं. आईनं पांढरा कोट घातला, पायांत निळ्या पिशव्या चढवल्या आणि झाडांमध्ये उभी राहून पान दोन बोटांत धरलं. "लई दिसानं हाताला चिकटलं गं," म्हणाली. तंबाखूच्या पानाला एक चिकट डिंक असतो, तो बोटांवर काळा होत जातो. आई बोटं एकमेकांवर घासत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अक्षराला फोन आला, ती बाहेर गेली.

आत सिद्धेश होता, वाळवलेल्या पानांच्या ट्रेंपाशी. वडगावचा. वडील साडीचे माग चालवतात, हा अक्षराच्या हाताखाली संशोधन करतो. आज सकाळी वाळलेल्या पानांचं एकूण वजन कमी भरलं, तेव्हा अक्षरानं त्याला विचारलं होतं. तो हसला होता.

"मॅडम, रागवू नका. मावशीनं मूठभर पान मागितलं. तुम्ही घरात तंबाखू येऊ देत नाही म्हणं. लई गाऱ्हाणी सांगितली तुमची. म्हटलं, साध्या ट्रेमधलं घ्या. त्यात काय आहे? आपण हातच लावला नाही त्या झाडांना. नुसती तंबाखू."

अक्षरा चिडली, पण तिला हायसंही वाटलं. साधी पानं तुलनेसाठी असतात. त्यांत काही टोचलेलं नसतं. मग सवयीनं तिनं साधा ट्रे काट्यावर ठेवला.

साधा ट्रे पुरता भरला.

हलका होता तो दुसरा, टोचलेल्या पानांचा.

सिद्धेश काट्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू कुणीतरी काढायला विसरल्यासारखं तसंच राहिलं होतं. तेव्हाच यशपालचा मेसेज आला: आईला सकाळपासून उलट्या. दवाखान्यात न्यावं का?

फोन.

"हत्तरगीचा टोलनाका गेला."

"आईकडं दे."

खरखर. मग आई. आवाज बारीक, पण तोरा तोच.

"काय गं, येवढा गोंधळ कशाला घातलाईस? पोट झाडलं की मोकळं वाटंल. तुझ्या भावानं गाडी अशी पळवलीया, त्यानंच मराय लागलीया मी."

"आई, सिद्धेशकडनं पान घेतलंस?"

"चुगली केली व्हय त्यानं? त्या पोराच्या पोटात काय ऱ्हात न्हाय बघ."

"कुठल्या ट्रेमधलं घेतलंस? त्यानं दाखवलं त्यातलंच?"

"त्यानं दावलं ते हिरवट, कच्चं. त्याची काय मिसरी व्हती व्हय? शेजारी ह्ये ठिपक्याचं पान पडल्यालं. तांबूस ठिपकं, भरगच्च. असलं पान वखारीत मालक कुलपात ठेवायचा. त्यानं पाठ केली तवा घेतलं मूठभर. तुझंच हाय की, चोरी कसली त्यात?"

अक्षरानं डोळे मिटले.

टोचलेल्या जागी पान लढतं. काही पेशी मरतात आणि तिथं गंजासारखा ठिपका उमटतो. प्रयोगशाळेत तो ठिपका दिसला की सगळ्यांना आनंद होतो, जनुकं आत गेली म्हणून. आणि निपाणीच्या शिवारात पान पिकलं, दळदार झालं, तोंडात ठसका देणारं झालं की त्यावर तसेच तांबूस ठिपके येतात. हे अक्षराला लहानपणापासून माहीत होतं. आईच्या मांडीवर बसून तिनं ठिपक्यांची पानं वेगळी काढली होती. ट्रे भरताना तिला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"आई, नीट ऐक. त्या पानात कळलावी आहे."

"कळलावी?" आई हसली, हसता हसता खोकली. "मी काय येडी हाय व्हय कळलावी खायाला? बाळंतिणीच्या तळपायाला लावत्यात ती, पोटात कोन घेतंय? तंबाखू हाय ती. मला तंबाखू वळकंना व्हय आता?"

"आई, तू अशी का बोलतीस? तोंडात काय आहे?"

"काय न्हाय. मळमळतंय नव्हं, म्हणून जरा मिसरी—"

"अण्णा!" अक्षरा ओरडली. कॅज्युअल्टीतले सगळे वळले. "अण्णा, डबी काढून घे! गाडी थांबव, तिचं तोंड धू, बोट घालून धू! अण्णा, ऐकतोस का? तिनं आत्ता—"

फोन बंद. घाट लागला होता. घाटात रेंज नसते.

तिनं पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा.

यावर उतारा काय?

हा प्रश्न कुणी कुणाला विचारला, ते नीट ठरवता येणार नाही. दोघींनी एकदमच विचारला असावा.

डॉक्टरांनी फोनवर बेंगळुरूच्या विषतज्ज्ञांशी बोलून घेतलं होतं. कन्नड, इंग्रजी, पुन्हा कन्नड. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "कळलावीच्या विषावर उतारा नाही, ते म्हणाले. पोट साफ करा, कोळशाची पूड पाजा, सलाइन लावा, बघत राहा. पण ते आणखी एक म्हणाले. तुमच्या पानात कळलावीचंच विष आहे, की त्याच्या आधीचं काहीतरी?"

अक्षराला या प्रश्नाची भीती होती. झाड विष एका दमात करत नाही. पायरीपायरीनं करतं, प्रत्येक पायरीला एक जनुक. तिच्या तंबाखूत शेवटची पायरी नीट चढली जाते की नाही, ते अजून कळलं नव्हतं. पान एका पायरीआधी थांबत असेल तर तिथं जे साठलंय ते कोणत्याही पुस्तकात नाही. ते कुणाही माणसाला, उंदराला, माशीलासुद्धा आजवर दिलेलं नाही.

"कदाचित आधीचं."

"ते कमी विषारी असतं, की जास्त?"

"डॉक्टर, मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही तर कुणाला माहीत आहे?"

त्यांनी हे रागानं विचारलं नव्हतं. त्या खरोखर नाव मागत होत्या, फोन करायला. अक्षरानं आठवून बघितलं. हे पान या जगात एकाच हरितगृहात आहे.

सिद्धेश मोटरसायकलवरनं आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. उरलेली ठिपक्यांची पानं. काय आणावं ते त्याला सुचलं नव्हतं, म्हणून तीच आणली. प्रयोगशाळेच्या संचालकांचा निरोपही त्यानं आणला, मान खाली घालून: अन्नातून विषबाधा एवढंच लिहू द्या, बाकी आपण आपल्यात बघू.

"लिहून झालं," डॉ. भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "यांनी सांगितलं तसं. पोलिसांनाही कळवलंय."

"मॅडम," सिद्धेश म्हणाला, "मी साधीच घ्या म्हणालो होतो. शपथ."

"माहीत आहे."

"मावशी चालत होत्या ना हो? फोनवर बोलल्या ना?"

अक्षरा दाराकडं बघत होती. तिला कांद्याचं मूळ दिसत होतं. बी.एस्सी.ला प्रत्येकाला ते करावं लागतं: मुळाचं टोक कळलावीच्या विषात बुडवायचं, चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रं मधोमध येऊन उभी राहतात, मग दोन बाजूंना जातात. विषातल्या मुळात ती जात नाहीत. उभीच राहतात. सगळ्या पेशी दारात अडकलेल्या माणसांसारख्या. किती सुरेख, असं ती तेव्हा म्हणाली होती. त्या दिवशीचं तिचं चित्र वर्गात भिंतीला लावलं होतं. शरीरात ज्या पेशी सतत दोन होत असतात त्या आधी अडकतात. आतड्याच्या. मग रक्ताच्या. मग—

फोन. "काकती. आलोच."

चालत येता येईल?

येता आलं. आईनं चाकाची खुर्ची नाकारली. "मी काय पांगळी हाय?" यशपालच्या खांद्याला धरून ती आत आली, दात काळे, पदर ओला. घाटात गाडी थांबवून त्यानं तिचं तोंड धुतलं होतं. तेवढ्यावरून ती अजून फुरंगटलेली होती. डबी यशपालच्या खिशात होती. अक्षरानं ती उघडली. निम्मी रिकामी.

खाटेवर बसवून कोळशाचं काळं पाणी दिलं तेव्हा आईनं एक घोट घेतला आणि सगळ्यांकडं बघितलं. "ह्ये तर मिसरीवानीच हाय की. मग माझी डबी का काढून घेतली?"

यशपाल हसला आणि लगेच भिंतीकडं वळला.

आता कसं वाटतंय?

"झ्याक," आई म्हणाली.

आणि खरंच. सलाइनवर तिची उलटी थांबली. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, चहा मागितला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला निपाणीच्या वखारीतल्या भांडणाची गोष्ट नक्कल करून सांगितली. यशपालनं घरी फोन केला. "जेवणच बाधलं होतं. बघ, मी म्हणत न्हवतो?" नवं घर, पंगत, सगळं पुन्हा आनंदाचं झालं. त्यानं पेढे आणले. सिद्धेश पेढा हातात घेऊन मोठ्यानं रडला.

अक्षरानं पेढा तसाच खिडकीत ठेवला.

मधे एक बरा काळ येतो, हे तिनं वाचलं होतं. उलट्या थांबतात, माणूस हसतो, नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. आत पेशी अडकलेल्या असतात. जुन्या पेशी अजून काम करत असतात तोवर सगळं ठीक दिसतं. त्या संपतात तेव्हा मागनं कुणी येत नाही.

आई जितकी बरी दिसे तितकी अक्षरा घाबरे. आईनं गाणं गुणगुणलं तर तिचे हात गार पडत. डॉ. भाग्यलक्ष्मी फेरीला येत, आईशी हसून बोलत आणि अक्षराच्या नजरेला नजर देत नसत. त्यांनीही तेच वाचलेलं होतं.

"घरला कवा जायाचं?" आई विचारी.

"जाऊ."

"खासबागंतल्या घरात कुंड्यांस्नी पानी कोन घालतंय? तुळस वाळंल. तुला झाडांची माया न्हाय बाई, नुसतं सुया मारतीस."

मग रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी कमी. पुढच्या अहवालात आणखी कमी. त्याच्या पुढचा आकडा डॉक्टरांनी बोलून दाखवला नाही, कागदच पुढं केला.

आईला काचेच्या वेगळ्या खोलीत हलवलं. साधं सर्दीचं दुखणंही आता चालणार नव्हतं. आत जाताना हात धुवायचे, तोंडाला मास्क, अंगाला झगा, हातमोजे. ताप चढला. आईचे ओठ फुटले, बोलणं तुटक झालं. अक्षरा खाटेपासून हातभर लांब बसायची, तसं सांगितलं होतं म्हणून.

आईनं एकदा डोळे उघडून तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मास्क, मोजे, लांब ठेवलेली खुर्ची.

"आता लेकीनंबी शिवायचं बंद केलं व्हय?" म्हणाली.

ही थट्टा होती. आईच्या आईला निपाणीच्या पाणवठ्यावर वरनं पाणी ओतायचे, ती गोष्ट आई नेहमी अशीच हसत सांगायची. पण या वेळी हसू ओठांवर आलं नाही, ओठ फुटले होते. अक्षरानं मोजा काढला. काचेबाहेरून नर्सनं टकटक केली, मान जोरात हलवली. अक्षरानं मोजा पुन्हा चढवला.

ती खुर्चीवर बसली आणि तिला आईच्या हाडांच्या आतलं दिसू लागलं. ओळीनं उभी गुणसूत्रं. अक्षरानं बनवलेलं काहीतरी त्यांना धरून उभं आहे. तिथं कुणाला हात घालता येत नाही. सोडा, म्हणून सांगता येत नाही.

आणखी काही विचारायचंय?

ताप उतरला. का उतरला, कुणी सांगू शकलं नाही. इंजेक्शनं लागू पडली असतील. पान एका पायरीआधी थांबत असेल. आईनं मिशेरी नेहमीपेक्षा जरा जास्त भाजली असेल. अहवालातला आकडा एक दिवस तिथंच थांबला, मग किंचित वर आला. डॉ. भाग्यलक्ष्मींनी तो बोटानं दाखवला. "अजून मी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बघा."

काचेची खोली सुटली. साध्या वॉर्डात खिडकीपाशी खाट मिळाली. आई उन्हात पाठ करून बसली आणि म्हणाली, "डोस्कं खाजतंय. केस इंचर जरा."

अक्षरानं कंगवा घेतला. पहिल्याच फटक्यात कंगव्याबरोबर केस आले. तुटलेले नव्हते, मुळापासनं आलेले. तिनं हळू दुसऱ्यांदा फिरवला. आणखी आले, मूठभर, करडे, सोपे, कुणीतरी सैल करून ठेवल्यासारखे. कंगवा गेला तिथं डोक्याची फिकट कातडी दिसू लागली.

"डॉक्टर!" यशपाल दाराकडं धावला.

डॉ. भाग्यलक्ष्मी आल्या, वाकल्या, बघितलं. मग खाटेच्या कडेला टेकल्या. "हे शेवटचं असतं," त्या म्हणाल्या. "केसांच्या मुळांपर्यंत पोचायला वेळ लागतो. जे वाचतात त्यांचेच केस गळतात. बाकीचे तिथवर पोचत नाहीत. परत येतील केस."

यशपालनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आन् रडतोस कशाला येड्या?" आई म्हणाली. "केसच हाईत. धम्मदीक्षा घेतली, मुंडण तेवढं ऱ्हायलं व्हतं."

सगळे हसले. डॉक्टरही. नर्सही. अक्षराही हसली, तिला ते ऐकू आलं.

हसताना तिचे हात काम करत होते. कंगव्यातले केस तिनं मुळं एका बाजूला येतील असे जुळवले. खुर्चीवर टाकलेल्या प्रयोगशाळेच्या कोटाच्या खिशातनं प्लॅस्टिकचं छोटं पाकीट काढलं, तिथं नेहमी असतात तसलं. केस आत सोडले. मुळांना स्पर्श होऊ दिला नाही. पाकिटाचं तोंड दाबून बंद केलं, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि वर तारीख लिहिली. तारखेखाली पानाचा क्रमांक लिहिला.

मग ती थांबली.

हे पान आजवर कुणाला दिलेलं नव्हतं. आता दिलेलं होतं. किती दिवसांनी काय होतं, रक्त कधी उतरतं, कधी चढतं, केस कधी जातात, हे आता जगात कुणाला तरी माहीत होतं. पेन तिच्या हातात होतं आणि हात गार पडला नव्हता. सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"त्या पाकिटात काय भरलंस गं?" आईनं विचारलं.

अक्षरानं पेनचं टोपण लावलं. आई मान तिरकी करून वाट बघत होती, उन्हात, निम्मं डोकं उघडं.

"अक्षे, तुला विचारती मी. काय हाय ते?"